कोबेचा दातेरी पट्टा

२०१९ च्या डिसेंबरात, हनुक्काच्या सुट्टीत, मी जपानमधील कोबे शहरी आमच्या चिरंजीवांकडे आठ दिवस राहून आलो. परतल्यावर स्नेहीमंडळींनी विचारले की, फुजी पर्वत कसा दिसतो, आणि त्या वेगवान आगगाडीत बसलात काय? फुजी पर्वत मी पाहिला नाही. मी पाहिला तो एक पट्टा. काळा, रबरी, पंधरा मिलिमीटर रुंदीचा, आतल्या अंगास बारीक दात असलेला, आणि त्यांपैकी काही दात मुळापासून उडालेला. त्या पट्ट्यापायी आम्हां बापलेकांच्या तीन रात्री जागरणात गेल्या, आणि जवळजवळ तीस वर्षे गणित शिकवूनही एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, हे मला पन्नाशीत कळले. ती हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख.

प्रथम दातेरी पट्टा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पायाने चालवायचे शिवणयंत्र असे. खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या लहान चाकाकडे जाणारा त्याचा चामडी पट्टा सर्वांस आठवत असेल. तो सैल झाला की चाकावरून घसरे; मग आई तो बोटभर कापी आणि तारेच्या आकड्याने पुन्हा जोडी. तो घसरला तरी फारसे बिघडत नसे. टाका जरा उशिरा पडे, इतकेच. परंतु त्याच यंत्राच्या पोटात सुईने दोरा खाली आणावयाचा आणि नेमक्या त्याच क्षणी शटलने तो धरावयाचा असतो. तेथे घसरणे परवडत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतील रिचर्ड केस या गृहस्थांनी सिंगरच्या शिवणयंत्राकरिताच दात असलेला रबरी पट्टा तयार केला. त्याचे दात कप्पीच्या खाचांत बसतात. कप्पी जितके दात फिरेल तितकेच दात पट्टा सरकतो, एकही कमी नाही की जास्त नाही. पुढे तो मोटारींच्या इंजिनात गेला, छपाईयंत्रांत गेला. संगणकाच्या जुन्या छपाईयंत्राचे डोके कागदावरून कर्रकर्र करीत डावीउजवीकडे धावत असे, त्यास ओढणारा हाच. मोटर गोल फिरते, पण वस्तू सरळ रेषेत न्यावयाची असते. ते काम असा पट्टा करतो. त्याचा एक भाग सरकत्या गाडीला चिमट्याने पकडून ठेवलेला असतो आणि पट्टा फिरला की गाडी रुळावरून धावते.

कोबे हे या पट्ट्यांचेच शहर म्हणावयास हरकत नाही. बांदो ही कंपनी येथे १९०६ साली सुती पट्टे विणून सुरू झाली, आणि मित्सुबोशी बेल्टिंग १९१९ साली. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले आणि नागाता भागात आगी लागल्या, तेव्हा मित्सुबोशीच्या कामगारांचे अग्निशमन पथक शेजारच्या मानो वस्तीतील रहिवाशांच्या मदतीस धावले. तेथील लोक ही गोष्ट अजून सांगतात. आमचे चिरंजीव मात्र या मोठ्या कारखान्यांत नाहीत. ते एका लहानशा कार्यशाळेत आहेत. काचेच्या बाटल्या उचलून खोक्यांत भरणारी यंत्रे तेथे तयार होतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हनुक्काचे दिवे लावण्यासाठी काडेपेटी शोधीत मी स्वयंपाकघरातील खण उघडला, तर त्यात हा पट्टा गुंडाळून ठेवलेला. मी सहज विचारले, “हे काय रे?” मुलाचा चेहरा उतरला. प्रथम तो म्हणाला, “काही नाही, कामातले आहे.” दिवे लावले, प्रार्थना झाली, जेवण झाले, आणि मग हळूहळू सारे बाहेर आले. तीन आठवड्यांपूर्वी त्याने स्वतः आखलेले पहिले यंत्र एका गिऱ्हाइकाकडे बसविले होते. दिवसा ते उत्तम चाले. पण अधूनमधून, बहुधा रात्रपाळीत, त्याचा पंजा बाटलीच्या गळ्यावर न येता गळ्याच्या कडेवर येई आणि बाटल्या फुटत. एका रात्री काचांचा खच पडला. गिऱ्हाईक रागावले, यंत्र बंद ठेवले गेले, आणि पट्ट्याचे माप ठरविणारा हा, म्हणून दोष याच्याकडे आला.

“तीन आठवडे झाले, आणि मला फोनवर एका शब्दाने बोलला नाहीस?” मी म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अब्बा, तुम्ही नेहमी उत्तर आधी पाहता.”

मी काय बोलणार? अलिबागला डी.एड. करीत असताना पाठटाचणात ‘विद्यार्थ्याची विचारप्रक्रिया तपासणे’ असे उद्दिष्ट मी सुवाच्य अक्षरांत लिहीत असे, आणि त्यास गुणही मिळत. पण चाळीस वह्यांचा गठ्ठा समोर असला की मास्तर पानाच्या तळाशी पाहतो. उत्तर जुळले तर बरोबर, न जुळले तर तांबडी फुली. स्वतःच्या मुलाची वहीही मी तशीच तपासली असली पाहिजे. त्यास आठवत होते, मला आठवत नव्हते. मी इतकेच म्हणालो, “तुझी वही काढ. आज पहिल्या ओळीपासून वाचतो.”

त्याने वही काढली. जेवणाच्या टेबलावर, खिडकीत दोन दिवे आणि शमाश तेवत असताना, आम्ही ते गणित वाचू लागलो. आकडे सोपे होते आणि ते आठवीच्या मुलासही करता येतील, म्हणून येथे देतो.

सरकती गाडी, पंजा आणि बाटल्या मिळून वजन ४० किलो. गाडीचा सर्वाधिक वेग सेकंदास दीड मीटर, आणि हा वेग तिने ०.३ सेकंदात गाठावयाचा. म्हणजे त्वरण झाले ५, आणि ४० गुणिले ५ म्हणजे २०० न्यूटन बल पट्ट्याने लावावयाचे. त्यात घर्षणाची भर घालावयाची. पण गाडी ज्या रुळांवर चालते त्यांत पोलादी गोळ्या फिरत असतात. या तऱ्हेचे रूळ जपानच्याच टीएचके कंपनीने १९७२ साली बाजारात आणले. चाळीस किलोची गाडी त्यावर एका बोटाने ढकलता येते. त्यामुळे घर्षण अवघे ४ न्यूटन. एकूण २०४.

येथेच मी थांबलो. मुलास म्हणालो, “म्हणजे गाडी एकदा वेगात आली की तिला चालू ठेवावयास फक्त ४ न्यूटन लागतात?”

“हो.”

“आणि सुटताना २०४?”

“हो अब्बा. पट्टा धावताना थकत नाही. सुटताना आणि थांबताना थकतो.”

वाचकहो, काळ-काम-वेगाची उदाहरणे मी किती घातली असतील याची गणती नाही. मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी, बीरशेबाहून तेल अवीवला निघालेली बस. सकाळी आठ वाजता निघते आणि निघताक्षणीच तिचा वेग ताशी साठ किलोमीटर असतो. दुसऱ्या गावी ती त्याच वेगात पोहोचते आणि जागच्या जागी उभी राहते. माझ्या फळ्यावरील एकही गाडी कधी सुटली नाही आणि एकही कधी थांबली नाही. त्या गाड्यांना पट्टा लावावयाचा असता तर मी ४ न्यूटनांचा लावला असता आणि तो पहिल्याच झटक्यास तुटला असता. मुलाने तसे केले नव्हते. सुटण्याचा हिशेब त्याने मांडला होता. माझ्यापेक्षा तो शहाणा होता, हे मला तेथेच मान्य करावे लागले.

पुढील पायऱ्याही निर्दोष होत्या. पट्ट्याच्या दोन दातांमधील अंतर ५ मिलिमीटर, कप्पीला २० दात, म्हणून कप्पीचा एक फेरा म्हणजे १०० मिलिमीटर. दीड मीटरला पंधरा फेरे, मिनिटास नऊशे. पट्टा कप्पीला अर्धा वेढा घालतो, म्हणजे एका वेळी दहा दात गुंतलेले. सहा किंवा अधिक दात गुंतले असले की पट्ट्याची पूर्ण ताकद धरता येते, त्याहून कमी असल्यास कमी धरावी लागते. तेव्हा येथे काळजी नव्हती. २०४ ची दीडपट, सुरक्षिततेसाठी, ३०६. निवडलेला पंधरा मिलिमीटरचा पट्टा ३२० पेलणारा. उत्तरही बरोबर, पायऱ्याही बरोबर. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तीनदा वाचले आणि चूक सापडेना. मास्तराला याहून मोठी अडचण कोणती?

तिसऱ्या दिवशी मुलगा मला कार्यशाळेत घेऊन गेला. तेथील विभागप्रमुख सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ आहेत. त्यांनी मला पायांत घालावयास सपाता दिल्या, चहा दिला, आणि मी शिक्षक आहे असे कळताच पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला. मुलावर ते रागावले असतील अशी माझी समजूत होती. तसे काहीच दिसले नाही. टोयोटा कारखान्याचे ताइइची ओनो यांनी बिघाडाच्या मुळाशी जाण्यासाठी पाच वेळा ‘का’ विचारावे अशी शिस्त घालून दिली होती. हे गृहस्थ त्या परंपरेतले. त्यांनी गिऱ्हाइकाकडून यंत्र परत आणविले होते आणि रोज संध्याकाळी काम संपल्यावर मुलास त्याच्यासमोर उभे करून एकेक ‘का’ विचारीत होते. बाटल्या का फुटल्या? पंजा ५ मिलिमीटर बाजूला आला म्हणून. तो नेमका ५ मिलिमीटरच का? कारण पट्ट्याचा एक दात तेवढाच. म्हणजे पट्टा एक दात चढून पुढे गेला. मोटरला ते का कळले नाही? मोटर स्वतःचे फेरे मोजते. पट्टा तिच्यावर कोठे बसला आहे हे तिला दिसत नाही. यंत्र आपल्या समजुतीप्रमाणे अत्यंत अचूक काम करीत होते, फक्त ५ मिलिमीटर बाजूला. पण पट्टा चढला का? या चौथ्या प्रश्नावर गाडी अडली होती.

त्या दिवशी वृद्ध गृहस्थांनी खडू घेतला. कप्पीवर एक रेघ ओढली, तिच्या समोर पट्ट्यावर एक रेघ ओढली, आणि यंत्र चालू केले. गाडी धावू लागली. त्यांनी दार उघडून पाहिले. गाडी थांबली, रेघा जुळल्या. पुन्हा चालू, पुन्हा दार. असे दहा-बारा वेळा झाले. मग एकदा गाडी अगदी मधोमध, पूर्ण वेगात असताना त्यांनी दार उघडले. खट्ट असा आवाज झाला. रेघा जुळेनात. पट्ट्यावरची रेघ एक दात पुढे होती.

मुलगा माझ्याकडे वळून मराठीतच म्हणाला, “दाराचा हिशेब मी धरलाच नव्हता.”

यंत्राभोवती पारदर्शक भिंती असतात आणि आत हात घालावयाचे दार असते. दार उघडले की कोणाचा हात चिरडू नये म्हणून मोटर सारी शक्ती लावून गाडी थांबविते. रोजचे थांबणे ०.३ सेकंदात, पण हे थांबणे ०.१ सेकंदात. त्वरण १५, बल ६००. थांबताना घर्षण आपल्याच बाजूचे, म्हणून ४ वजा, ५९६. रोजच्या ओढीची जवळजवळ तिप्पट आणि पट्ट्याच्या ताकदीची सुमारे दुप्पट. आधीच पट्टा बेताने ताणलेला. एका बाजूची ओढ इतकी वाढल्यावर दुसरी बाजू सैल पडली, आणि सैल पडलेला पट्टा कप्पीच्या दातांवर चढून पुढल्या खाचेत जाऊन बसला. रात्रपाळीचे कामगार अडकलेली बाटली काढण्यासाठी वारंवार दार उघडीत असत. त्यात गाडी कधी ऐन वेगात सापडे. दिवसपाळीवाले तिला आधी थांबवून मग दार उघडीत. एवढाच फरक.

घरी आल्यावर मी मास्तरी थाटात सुचविले, “मग चौपट रुंद पट्टा घाल आणि मोकळा हो.” मुलगा हसला, तीन दिवसांत प्रथमच हसला. त्याने मला समजावले की, यंत्रात प्रत्येक गोष्टीची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. जाड दातांच्या पट्ट्यास मोठी कप्पी लागते. कप्पीची त्रिज्या वाढली की तेवढ्याच ओढीसाठी मोटरला अधिक पीळ द्यावा लागतो. मग मोटर मोठी, तिचा खर्च मोठा. पट्टा फार ताणला तर चढत नाही, पण कप्पीच्या बेअरिंगवर रात्रंदिवस भार पडतो. सैल ठेवावा तर चढतो. शिवाय पट्टा थोडासा लांबतोही, आणि जितका लांब असेल तितका अधिक. त्यामुळे दूरच्या टोकास पंजा किंचित मागे राहतो.

त्या रात्री आणि पुढच्या रात्री आम्ही पुन्हा हिशेब मांडला. या खेपेस प्रश्न मी विचारीत होतो आणि तो उत्तरे देत होता. थांबण्याचा वेळ ०.१ ऐवजी ०.२ केला तर? बल २९६ वर आले. पण मग दार उघडल्यावर गाडी साडेसात सेंटिमीटरांऐवजी पंधरा सेंटिमीटर पुढे जाणार. तेवढ्या वेळात माणसाचा हात तेथवर पोहोचेल काय? हे कागदावर ठरणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी वृद्ध गृहस्थांनी फीत घेऊन दारापासून गाडीपर्यंतचे अंतर मोजले, स्वतः दार उघडून हात घालून पाहिला, मुलास घालावयास लावला, आणि मग मजलाही. माझा हात त्या दोघांपेक्षा लांब निघाला, म्हणून माझेच माप त्यांनी वहीत लिहिले. आमच्या जपान-प्रवासाचे एवढे तरी सार्थक झाले. अंतर पुरेसे होते. पट्ट्याची रुंदी पंधराची पंचवीस केली, त्यामुळे ताकद ३२० वरून ५३० च्या पुढे गेली. २९६ ची दीडपट ४४४. हिशेब बसला. शिवाय गाडी प्रत्येक फेरीत एका खुणेपाशी आली की तेथील संवेदक तिची जागा तपासील आणि एका दाताचाही फरक दिसल्यास यंत्र आपण होऊन थांबेल, अशी सोय मुलाने स्वतःच्या कल्पनेने केली.

नवा पट्टा ताणताना मी हजर होतो. वृद्ध गृहस्थ पट्टा थोडा ताणीत, तार छेडावी तसा अंगठ्याने छेडीत आणि कान देत. मग एक लहान यंत्र जवळ धरीत. ते कंपने मोजून ताणाचा आकडा दाखवी. ताण चौपट झाला तर कंपने दुप्पट होतात, असा नियम आहे. आपल्या कीर्तनांत तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून सूर जमवीत असे आणि बुवा मध्येच मान हालवीत, त्याची मला आठवण झाली. गृहस्थांचा अंगठा आणि यंत्राचा आकडा यांत फारसे अंतर पडत नव्हते.

मधल्या शब्बाथला आम्ही कितानो भागातील ओहेल श्लोमो सिनेगॉगमध्ये गेलो. ही इमारत १९७० सालची आहे. त्याच टेकडीच्या परिसरात १९३५ साली हिंदी व्यापाऱ्यांच्या देणग्यांच्या साह्याने उभी राहिलेली मशीद आहे आणि एक जैन मंदिरही आहे. मुंबईच्या माणसास परके वाटू नये असा शेजार. १९४० साली लिथुआनियातील काउनास येथे जपानी अधिकारी चिउने सुगिहारा यांनी दिलेल्या परवान्यांवर आलेले निर्वासित याच शहरात थांबले होते. १९४१ साली त्यांच्यापुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. पृथ्वीवर तारखेची रेषा नेमकी कोठे मानावयाची, त्यावर जपानात शब्बाथ कोणता आणि योम किप्पूर, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचा दारफाळणीचा सण, कोणत्या दिवशी हे ठरणार होते. यरुशलेममधील धर्मपंडितांच्या सभेने बुधवारी उपवास करा असे कळविले. बने ब्राकचे हझोन ईश यांनी बुधवारी जेवा आणि गुरुवारी उपवास करा असे कळविले. चिरंजीव माझ्या कानाशी लागून म्हणाले, “अब्बा, एक दात.” सिनेगॉगमध्ये हसू नये म्हणून मला खाली मान घालावी लागली.

मी निघालो त्या दिवशी यंत्र पुरते जुळले नव्हते. जानेवारीच्या मध्यावर मुलाचा फोन आला. गाडी ऐन वेगात असताना दार उघडण्याची परीक्षा तीनशे वेळा घेतली, आणि खडूच्या रेघा तीनशेही वेळा जुळल्या. यंत्र गिऱ्हाइकाकडे परत गेले. वृद्ध गृहस्थांनी काय म्हटले, असे मी विचारले. ते म्हणाले होते, “पाचवा ‘का’ अजून बाकी आहे. दाराचा हिशेब तुमच्या वहीत का नव्हता?” मुलाने सांगितले की, यापुढे प्रत्येक यंत्राच्या वहीत पहिल्याच पानावर थांबण्याचे सारे प्रकार लिहावयाचे, असे कार्यशाळेत ठरले आहे, आणि पहिली यादी त्यालाच करावयास सांगितली आहे.

जुना पट्टा मी मागून घेतला. त्याचा एक मीटर लांबीचा तुकडा माझ्या वर्गात आहे. पाच मिलिमीटरला एक दात, तर एका मीटरला किती, असा प्रश्न मी सातवीच्या मुलांस घालतो. ती झटकन दोनशे सांगतात. मग पट्टा हातांत देतो आणि मोजावयास सांगतो. बोटांनी चाचपीत, एकमेकांची मोजणी चुकवीत ती मोजतात. भरतात एकशे त्र्याण्णव. दर वर्षी कोणीतरी विचारते की, गुरुजी, पडलेले दात धरावयाचे की नाहीत? गेल्या वर्षी एका मुलीने तो प्रश्न विचारला नाही. ती पट्टा उलटसुलट करून पाहत राहिली आणि म्हणाली, “हे सातही दात एकाच जागचे पडले आहेत. गाडी तेव्हा कोठे होती?”